रायने धरलेलं नत्र मक्याला मिळेना

मक्याच्या काढणीनंतर रान हिवाळाभर मोकळंच ठेवायचो. एका वर्षी काढणी होताच माती तपासली, तर बरंच नायट्रेट, म्हणजे पिकाला उचलता येणारं नत्र, शिल्लक निघालं. हिवाळी पावसानंतर पुन्हा तपासली, तेव्हा वरच्या फूटभर मातीत जेमतेमच राहिलं होतं. नायट्रेटवर ऋण भार असतो, चिकणमातीच्या कणांवरही ऋणच. माती त्याला धरून ठेवत नाही, पाणी झिरपेल तसं ते खाली भूजलात उतरतं. आपण टाकलेलं खत कुणाच्या तरी पिण्याच्या पाण्यात जातंय, हे मला फार लागलं.

पुढच्या वर्षी काढणीच्या मागोमाग राय हे गव्हासारखं तृणधान्य पेरलं. राय थंडीतही उगवते, मुळं खोल जातात, उरलेलं नायट्रेट उचलून घेते. रान हिरवंगार झालं. इतकं देखणं पीक मोडायला हात धजेना, म्हणून पूर्ण निसवू दिलं, मग गाडलं आणि लगेच मका पेरला. मका पिवळा पडला. खालच्या पानांचा पिवळेपणा टोकाकडून मधल्या शिरेने आत सरकत होता. रायच्या जून ताटात कर्ब (कार्बन) भरपूर, नत्र थोडं. ते कुजवणारे जिवाणू कमी पडणारं नत्र मातीतूनच ओढून घेतात. म्हणजे नत्र रानातच होतं, पण अडकलेलं. शेवटी जास्तीचा युरिया द्यावा लागला.

तिसऱ्या वर्षी रायचं बी कमी केलं आणि व्हेच हे द्विदल मिसळलं, त्याच्या बियाण्याला रायझोबियम, म्हणजे मुळांवर गाठी करून हवेतलं नत्र धरणारे जिवाणू, चोळून. फुलोऱ्याआधी कुदळीने एक रोप मातीसकट उचललं. मुळांवरची गाठ नखाने फोडली, आत गुलाबी. गाठी काम करताहेत याची ती खूण. व्हेचमध्ये कर्ब-नत्राचं प्रमाण १०–१२:१ च्या आसपास असतं. हे प्रमाण साधारण २५:१ च्या खाली असलं, तर कुजताना नत्र मोकळं होतं.

या वेळी रायचं ताट रोज चिरून बघायचो. पोटरीत, म्हणजे लोंबी बाहेर पडण्याआधी फुगलेल्या ताटात, कोवळी लोंबी हाताला लागली, त्याच दिवशी मोडणी केली. मग तीन आठवडे थांबून मका पेरला.

मका वीतभर झाल्यावर फूटभर खोलीची माती काढून नायट्रेट तपासलं. त्या आकड्यावरून युरियाचा दुसरा हप्ता निम्मा केला, आणि कणसं भरेपर्यंत खालची पानं हिरवी राहिली.