बेळगावातून समुद्री गोगलगायींची मोजणी: माझा अनुभव

बेळगावकराने सी स्लग, म्हणजे बिनशंखाच्या समुद्री गोगलगायी, मोजायला समुद्रात उतरायचे ठरवले की पहिला हिशेब घाटाचा येतो, कारण डाइव्हनंतर लगेच उंचीवर गेले तर अंगात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात. आपले गाव समुद्रसपाटीपासून सुमारे 2500 फुटांवर. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हरांच्या सुरक्षिततेसाठी काम करणाऱ्या संस्थेची विमानप्रवासाची शिफारस 2000 ते 8000 फुटांच्या हवेच्या दाबासाठी आहे: एकच डाइव्ह झाली असेल तर किमान 12 तास थांबा, एकाहून जास्त झाल्या असतील तर 18 तास. आंबोली किंवा चोर्ला घाट चढताना आपण विमानात नाही, गाडीत आहोत, हे अंगातल्या नायट्रोजनला कळत नाही. म्हणून शनिवारी दोनच डाइव्ह ठेवतो, दुसरी दुपारी एकच्या आत संपवतो आणि रविवारी सकाळी सातच्या आत घाटाला लागत नाही.

दुसरा हिशेब तिथीचा. मालवणला भांगाच्या दिवसांत, सप्तमी-अष्टमीच्या आसपास, पाण्याला ओढ कमी असते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तळाचा गाळ उठतो आणि हाताच्या अंतरावरचा जोडीदारही धूसर होतो. पण उधाणाच्याच ओहोटीला खडकांतली डबकी उघडी पडतात. तिथे गुडघाभर पाण्यात सी स्लग सापडतात, हवेची टाकी लागत नाही, घाटाचीही अडचण नाही. दोन्ही एकाच सुट्टीत नीट साधत नाही. मी भांगाला डाइव्ह करतो, उधाणाला डबकी पाहतो आणि दोन्ही याद्या वेगळ्या ठेवतो. पावसाळ्यात तर समुद्रात उतरण्याचा प्रश्नच येत नाही.

तयारी गावातल्या पोहण्याच्या तलावात होते. तळाशी नाणे टाकायचे आणि तळाला हात-पाय न लावता, नाण्यापासून वीतभर वर तरंगत त्याचा फोटो काढायचा. हे जमल्याशिवाय समुद्रात कॅमेरा नेऊ नये, कारण पायातल्या फिनचा एक फटका बसला की गाळ उठतो आणि ती जागा दहा मिनिटे तरी वाया जाते. तरंगू नये म्हणून कमरेला बांधलेले तलावातले वजन समुद्रात पुरत नाही, हेही लक्षात ठेवा. खारे पाणी सुमारे अडीच टक्के जड असते. माणूस आणि सामान मिळून 100 किलो भरत असेल तर शिशाचे वजन साधारण अडीच किलो वाढवावे लागते.

पाण्यात शिरल्यावर गोगलगाय शोधू नका, तिचे जेवण शोधा. हायड्रॉइड, म्हणजे खडकाला चिकटून राहणारे पिसासारखे दंश करणारे जीव, दिसले की पाठीवर बोटांसारखी टोके असलेल्या जाती तिथे पाहाव्यात. या जाती हायड्रॉइडच्या दंशपेशी गिळून स्वतःच्या टोकांत साठवतात. हायड्रॉइड आपल्यालाही झोंबतात, तेव्हा पूर्ण बाह्यांचा सूट हवा. स्पंजावर फिलिडिया, डोरिस गटातल्या जाती. हिरव्या शेवाळावर एलिसिया. वळ्यावळ्यांची पांढरी किंवा केशरी फीत खडकाला चिकटलेली दिसली तर ती बहुधा अंडी असतात आणि मालकीण जवळपास असू शकते. कितीतरी जाती तांदळाच्या दाण्याएवढ्याच असतात. त्यामुळे 5 ते 12 मीटर खोलीवर 40 मिनिटांत मी जेमतेम 15 मीटर खडक पाहतो. सोबतचे डायव्हर तेवढ्यात अख्खी साइट फिरून येतात. त्यांना मासे दिसतात, आपल्याला नाही. ते मान्य करूनच उतरावे.

प्रत्येक प्राण्याचे चार फोटो: वरून पूर्ण, बाजूने, डोक्यावरच्या शिंगांचा आणि पाठीवरच्या कल्ल्यांचा जवळून, आणि शेवटी शेजारी प्लॅस्टिकची मोजपट्टी धरून. पट्टीला पाण्याखाली लिहिता येईल अशी पाटी बांधलेली असते. टॉर्च लेन्सच्या रेषेत न धरता बाजूने धरावा, नाहीतर पाण्यातले कण चमकून फोटोभर बर्फ पडल्यासारखे दिसते. कागदासारखा पातळ, सरपटत निसटणारा, कल्ले नसलेला रंगीत प्राणी दिसला तर तो चपटा कृमी. गोगलगायींच्या यादीत नवखे हमखास हाच घुसडतात. हात लावायचा नाही, काही उचलायचे नाही. मालवणला 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. त्याच्या हद्दीबाहेरही मी हाच नियम पाळतो.

सगळ्यात जास्त नोंदी मरतात त्या घड्याळामुळे. कॅमेरा आणि डाइव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ नोंदणारे उपकरण) यांची वेळ बोटीवरच मिनिटाला मिनिट जुळवा, कारण फोटोची खोली नंतर याच वेळेवरून काढायची असते. सोपा उपाय म्हणजे पहिला फोटो डाइव्ह कॉम्प्युटरच्या पडद्याचाच काढायचा. दुसरा गुन्हेगार हाउसिंगचा, म्हणजे कॅमेऱ्याच्या जलरोधक डबीचा, ओ-रिंग, तिच्या झाकणाचे रबरी कडे. त्यावर एक केस किंवा वाळूचा कण राहिला तरी पाणी आत येते. हाउसिंग दमट बोटीवर बंद करू नका. रात्री कोरड्या खोलीत, आत सिलिका जेल ठेवून बंद करा, म्हणजे काच धुकट होणार नाही.

घरी आल्यावर प्रत्येक डाइव्हची एक ओळ: जागा, खोली, दृश्यता, शोधाची मिनिटे, माणसे, जाती. काही सापडले नाही त्या डाइव्हचीही ओळ लिहायची, नाहीतर सरासरी फुगते. ओळख पटली नाही तर वंशाच्या नावापाशी थांबतो. अजून किती जाती राहिल्या याचा अंदाज साध्या गणिताने येतो. समजा 18 जाती मिळाल्या. त्यांतल्या 6 जाती प्रत्येकी फक्त एका डाइव्हला दिसल्या आणि 3 प्रत्येकी दोनच डाइव्हना. 6 चा वर्ग 36, त्याला 3 च्या दुपटीने भागले की 6. हा न दिसलेल्या जातींचा अंदाज; 18 मध्ये तो मिळवला की त्या साइटवर निदान 24 जाती असाव्यात. सहाच्या सहा नोंदी पुन्हा तपासायच्या, कारण एकदाच दिसलेली जात अनेकदा चुकीची ओळखलेली असते आणि मग अंदाजही खोटा वाढतो.

नावेही बदलत राहतात. 2012 मध्ये क्रोमोडोरिस वंशातल्या बऱ्याच जाती गोनिओब्रँकसमध्ये गेल्या. मुंबईचे नाव मिरवणारी बॉम्बेयानसही आता तिथेच आहे. वहीत जुने नाव खोडत नाही, शेजारी नवे लिहितो.