रात्री दीड वाजताचा बळी

बेसबॉलचं मला वेड होतं म्हणून मी यांकी स्टेडियमला गेलो असं अजिबात नाही. ऑफिसातल्या एकाकडे अचानक पाहुणे आले आणि त्याचं तिकीट माझ्या पदरात पडलं. १५ जुलै २००८, ऑल-स्टार गेम. अमेरिकन लीग आणि नॅशनल लीग या दोन्हींतले निवडक खेळाडू वर्षातून एकदा समोरासमोर येतात, तो सामना. न्यू जर्सीतल्या एडिसनहून लोकल, मग मॅनहॅटनमधून डी नावाची भुयारी गाडी, आणि ब्रॉन्क्समध्ये १६१व्या रस्त्याला उतरलो तेव्हा उकाड्याने शर्ट पाठीला चिकटला होता.

बाहेर पडल्यावर आधी दिसल्या त्या क्रेन. रस्त्याच्या एका अंगाला १९२३ सालचं जुनं स्टेडियम, दुसऱ्या अंगाला त्याच नावाचं नवं, अर्धवट बांधलेलं. हंगाम संपला की जुन्याला कुलूप, पुढे पाडापाडी. आमचा सदाशिव पेठेतला वाडा बिल्डरकडे गेला तेव्हा शेवटच्या गणपतीला इंदूरचे काकासुद्धा आले होते. मी तेवढा न्यू जर्सीत क्लायंटचा सर्व्हर सांभाळत बसलो होतो. त्यामुळे असेल, पण आत शिरणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे मी जरा जास्तच बघत होतो. एक जण तर पायऱ्या चढताना भिंतीला हात लावत लावत चालला होता.

माझी जागा अगदी वरच्या मजल्यावर. जिने इतके उभे की सिंहगड आठवला. पण बसल्यावर सगळं मैदान ताटात वाढल्यासारखं समोर. सीमेच्या वरची ती प्रसिद्ध पांढरी महिरप, डावीकडे लांबवर यांकींचा जुना फटकेबाज बेब रूथ वगैरेंची स्मारकं, आणि उजवीकडच्या फटीतून मधूनच सरकणारी चार नंबरची गाडी. उजवीकडची सीमा जेमतेम ३१४ फुटांवर. रूथ डावखुरा होता, त्याचे फटके तिकडेच जायचे.

शेजारच्या खुर्चीत एक आजोबा होते. मांडीवर स्कोअरकार्ड, कानावर पेन्सिल. मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली, त्यांनाही दिली. चटणी खाऊन त्यांनी दोन मिनिटं काही बोलणं टाळलं, मग म्हणाले, "अजून आहे?" तिथून आमचं जमलं.

सामन्याआधी हॉल ऑफ फेममधले, म्हणजे बेसबॉलच्या थोरांच्या यादीतले, ४९ जुने खेळाडू मैदानात उतरले आणि ज्याची जी जागा, तिथे जाऊन उभे राहिले. आजचे खेळाडू त्यांच्या शेजारी. विली मेझ, हँक आरन, योगी बेरा. आजोबांनी योगीसाठी टोपी काढली. मग यांकी संघाचे मालक जॉर्ज स्टाइनब्रेनर छोट्या गाडीतून चेंडू घेऊन आले, रडत रडत. एरवी त्यांच्या नावाने बोटं मोडणारी माणसंही उभी राहिली होती.

खेळ सुरू झाला पावणेनऊला. पाचव्या डावात मॅट हॉलिडेचा होमरन, म्हणजे आपला षटकार, नॅशनल १-०. सहाव्यात लान्स बर्कमनने चेंडू उंच मारला, क्षेत्ररक्षकाने सहज झेलला. मी म्हटलं, गेला! आणि फलकावर २-० झालं. आजोबांनी समजावलं: झेल होताच तिसऱ्या बेसवरचा, म्हणजे शेवटच्या टप्प्यावरचा, गडी पळू शकतो, घरी, म्हणजे फलंदाजाच्या प्लेटवर, पोचला तर धाव मिळते. फलंदाज बाद, धाव कायम. याला म्हणतात सॅक्रिफाइस फ्लाय. मला हसू आलं. आपल्याकडे वर्तमानपत्रात 'बळी घेतला' छापून येतं, पण बळी देऊन धाव काढायची हा हिशेब शिवाजी पार्कात कोणालाच पटला नसता.

सातव्यात जे. डी. ड्रूने होमरन मारून बरोबरी केली. हा बोस्टनचा, म्हणजे न्यूयॉर्ककरांचा हाडवैरी. टाळ्या वाजवाव्यात की नाही, हा प्रश्न माझ्या पुढच्या रांगेत खऱ्याखुऱ्या चेहऱ्यांवर दिसत होता. आठव्यात बोस्टनचाच पॅपलबॉन चेंडू टाकायला आला तेव्हा मात्र शंका नव्हती. त्याची यथेच्छ हुर्यो उडवली, आणि आपल्या यांकींच्या मारियानो रिव्हेराला आणा म्हणून "मारियानो, मारियानो" असा गजर. नॅशनल ३-२, लगेच ३-३. नऊ डाव संपले, निकाल नाही.

एरवी अशा सामन्याचं एवढं मनावर कोण घेतं! पण २००२ मध्ये मिलवॉकीला दोन्हीकडचे पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, संपल्यामुळे ७-७ वर खेळ थांबवला, तेव्हा फार नाचक्की झाली. म्हणून २००३ ते २०१६ नियम असा होता की जिंकणाऱ्या लीगच्या संघाला वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे दोन्ही लीगच्या विजेत्यांच्या अंतिम मालिकेत, घरच्या मैदानाचा फायदा. म्हणजे आता बरोबरी नाही, खेळत राहायचं.

दहाव्या डावात नॅशनलच्या डॅन अग्लाने लागोपाठ दोन चुका केल्या. तिन्ही बेस भरलेले, एकही बाद नाही. लोक उभे. आणि ॲरन कुक नावाच्या पिचरने तीन सरपटते चेंडू काढून घेतले, पहिले दोन गडी घरच्या प्लेटवरच कापले, तिसरा पहिल्या बेसवर. आजोबा शत्रुपक्षाला टाळी देऊन गेले. अग्लाने पुढे तिसरीही चूक केली. कार्डावर तीनदा 'ई-४', म्हणजे दुसऱ्या बेसवाल्याची चूक, असं लिहिताना आजोबा दरवेळी "बिचारा" म्हणाले.

बाराव्यानंतर त्यांच्या कार्डावरचे रकाने संपले. त्यांनी दशम्यांचा फॉइल उलगडून पाहिला, त्यावर पेन्सिल उठेना. शेवटी माझ्या लोकलच्या वेळापत्रकाच्या समासात रेघा ओढल्या. त्या वेळापत्रकाचा तसाही उपयोग उरला नव्हता, शेवटची गाडी काही मिळणार नव्हती. वरच्या मजल्यावर आता हातपाय पसरून बसता येत होतं. खाली दोन्ही संघांचे शेवटचे पिचर. अमेरिकनचा काझमिर तर रविवारीच चेंडू टाकून आलेला.

पंधरावा डाव. अमेरिकनचे तिन्ही बेस भरलेले, एक बाद, फलंदाज मायकेल यंग. आजोबा पुटपुटले, "उंच, फक्त उंच." आणि जन्मभर 'झेल सुटू दे' म्हणत आलेला मी उभं राहून आपल्याच बाजूच्या माणसाचा झेल जावा म्हणून ओरडत होतो. चेंडू उजवीकडे उंच गेला, कोरी हार्टने झेलला, तिसऱ्या बेसवरून मॉर्नो सुटला. फेक आली, मॉर्नो घसरत आला. पंचाचे दोन्ही हात आडवे, म्हणजे इथे नाबाद. ४-३. रात्रीचा एक वाजून सदतीस मिनिटं. चार तास पन्नास मिनिटांचा खेळ.

आजोबांनी समासात 'एस-एफ-९', म्हणजे उजव्या क्षेत्ररक्षकाकडे सॅक्रिफाइस फ्लाय, असं लिहिलं, वेळापत्रक घडी करून खिशात ठेवलं, मग आठवण होऊन माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, ठेवा.

पेन स्टेशनच्या फरशीवर बसून पहाटेच्या पहिल्या गाडीची वाट बघत पुण्याला फोन लावला. तिकडे दुपारचं जेवण चाललं होतं.

"कोण जिंकलं?" बाबांनी विचारलं.

"अमेरिकन लीग. शेवटच्या फटक्यावर. म्हणजे कॅच दिला, आणि जिंकले."

पलीकडे घास चावल्याचा आवाज.

"कॅच देऊन जिंकले?" बाबा म्हणाले. "मग नो-बॉल असणार. तू नीट पाहिलं नसशील."