रिमोटच्या सेलखालच्या सहा पिना

वन फॉर ऑलचा जुना युनिव्हर्सल रिमोट कुणाकडे पडला असेल तर मागचं झाकण उघडून सेल बाहेर काढा आणि आत नीट बघा, बऱ्याच मॉडेलमधे तिथे सहा बारीक पिना असतात, तीन-तीनच्या दोन रांगा, काहींमधे पिना पण नाहीत नुसती भोकं. यूजर मॅन्युअलमधे याबद्दल अवाक्षर नसतं कारण रिमोट कॉम्प्युटरला जोडायची ती सोय कंपनीने स्वतःसाठी ठेवलेली. पण हौशी लोकांनी ती शोधली, सर्किट बोर्डवर त्या जागेला जेपी१ असं छापलेलं होतं म्हणून या सगळ्या प्रकरणालाच जेपी१ म्हणायला लागले. रेडिओ शॅक या अमेरिकन दुकानांचे बरेच जुने रिमोट पण आतून हेच, मेकर एकच, यूईआय म्हणजे युनिव्हर्सल इलेक्ट्रॉनिक्स.

रिमोट कॉम्प्युटरला जोडायची आयडिया त्याहून जुनी आहे बरं का. ॲपल सोडल्यावर स्टीव्ह वॉझनियाकने सीएल ९ नावाची कंपनी काढली होती आणि १९८७ मधे कोअर नावाचा रिमोट आणला, त्यात सिरियल कनेक्शन होतं. फार खपला नाही, सामान्य माणसाला तो प्रोग्राम करणं झेपणारं नव्हतंच.

आता मला कशाला हे उद्योग, तर आमचे आई-बाबा. दर उन्हाळ्यात न्यू जर्सीला येतात आणि टीव्ही, इंटरनेटवरचे सिनेमे-मालिका दाखवणारा रोकूचा डबा, साउंडबार असे तीन रिमोट टीपॉयवर. मी ऑफिसात असले की फोन, "अगं टीव्ही चालू आहे पण काहीच दिसत नाहीये." म्हटलं एकच बटण करून देते, दाबलं की तिन्ही चालू, मॅक्रो म्हणतात त्याला, आणि मॅक्रो तर साध्या रिमोटमधे पण करता येतो, सेटअप दाबून ठेवायचं, लाइट दोनदा लुकलुकला की ९९५ टाकायचं वगैरे. पण गोम पुढे आहे. टीव्हीचं पॉवर बटण म्हणजे टॉगल, चालू असेल तर बंद करणार, बंद असेल तर चालू. बाबांनी आधीच टीव्ही हाताने लावला असेल आणि मग आईने मॅक्रो दाबला तर टीव्ही बंद आणि साउंडबार चालू, म्हणजे आधीपेक्षा जास्त गोंधळ!

यावरचं औषध म्हणजे डिस्क्रीट कोड. बऱ्याच टीव्हींना "फक्त चालू हो" आणि "फक्त बंद हो" असे वेगळे कोड कळतात पण त्यांच्या सोबत येणाऱ्या रिमोटवर ती बटणंच नसतात. एनईसी प्रोटोकॉल घ्या, म्हणजे रिमोटची टीव्हीशी बोलायची एक ठरलेली भाषा, ३८ किलोहर्ट्झ, सुरुवातीला ९ मिलीसेकंदाचा लांब पल्स, मग साडेचार मिलीसेकंद शांतता, मग ३२ बिट, त्यातले ८ बिट कमांडचे आणि ८ तेच उलटे करून, चूक पकडायला. ८ बिट म्हणजे २५६ कमांड होऊ शकतात आणि रिमोटवर बटणं चाळीस-पन्नास. उरलेल्यात काय काय दडलंय हे लोकांनी एकेक नंबर पाठवून बघितलंय, किती निवांत असतील! एलजीच्या टीव्हीचा डिव्हाइस नंबर, म्हणजे सिग्नल कुणासाठी आहे ते सांगणारा, ४, नेहमीचं पॉवर बटण म्हणजे कमांड ८, पण १९६ पाठवलं तर फक्त चालू आणि १९७ ला फक्त बंद, एचडीएमआय १ वर थेट जायला २०६. सॅमसंगला प्रोटोकॉल थोडा वेगळा आणि हेच काम १५३ आणि १५२ करतात. आमचा एलजी हे सगळं निमूट ऐकतो. आणि इनपुटचा थेट कोड मिळाला म्हणजे ते इनपुट-इनपुट दाबून मोजत बसणं पण संपलं.

असे कोड रिमोटच्या बटणावरून पण भरता येतात, ९९४ करून, पण पंधरा-वीस बटणं अशी भरायची म्हणजे डोकं उठतं. म्हणून केबल. पूर्वी प्रिंटरच्या पॅरलल पोर्टची केबल लोक घरी बनवायचे, ती रिमोटमधली मेमरीची चिप सरळ वाचायची, १-२ केबीची मेमरी बास. नंतरच्या रिमोटना एफटीडीआय कंपनीच्या चिपची यूएसबी केबल लागते, पण ३.३ व्होल्टवाली, ५ व्होल्टची स्वस्त मिळते म्हणून ती लावू नका, रिमोट दोन सेलवर म्हणजे ३ व्होल्टवर चालणारा आहे. आणि चिप अस्सल आहे ना ते बघा, बाजारात नकली खूप, २०१४ मधे तर एफटीडीआयच्या ड्रायव्हर अपडेटने नकली चिपा कॉम्प्युटरला ओळखूच येईनाशा करून टाकल्या होत्या, केवढा गदारोळ झाला होता. केबल लावताना पहिली पिन कुठली ते बघून लावायचं, उलटी पण बसते ती.

सॉफ्टवेअर आरएमआयआर, फुकट, जाव्हावर चालतं त्यामुळे विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे. पहिलं काम डाउनलोड, म्हणजे रिमोटमधे जे आहे ते जसंच्या तसं कॉम्प्युटरवर आणून सेव्ह करायचं आणि त्या फाइलला नंतर हात लावायचा नाही. मग त्या फाइलच्या कॉपीमधे डिव्हाइस अपग्रेड, म्हणजे आपल्या टीव्हीच्या कोडचा संच, टाकायचा, कुठल्या बटणावर कुठला कोड ते टेबलमधे भरायचं, मॅक्रो बनवायचा, परत रिमोटमधे अपलोड. झालं. पुढची पायरी म्हणजे एक्स्टेंडर, रिमोटच्या आतल्या प्रोग्रामलाच लोकांनी जोड दिलीय त्यामुळे एकच बटण पटकन दाबलं तर एक काम आणि दाबून धरलं तर दुसरं. ते मी आईच्या रिमोटवर मुद्दाम नाही टाकलं, ती प्रत्येक बटण दाबूनच धरते.

कुणी म्हणेल एचडीएमआय-सीईसी आहे की, एचडीएमआय केबलमधूनच उपकरणं एकमेकांना सांगतात, एक चालू केलं की सगळं चालू होतं. होतं, कधीकधी, तीन ब्रँड एकत्र आले की मग ज्याची त्याची मर्जी. लॉजिटेकच्या हार्मनीचं पण सांगतात, तो खरंच छान रिमोट, यूएसबीला लावायचा, पण सेटिंग सगळं कंपनीच्या सर्व्हरवर आणि लॉजिटेकने २०२१ मधे बनवणंच बंद केलं. माझी फाइल माझ्या लॅपटॉपवर आहे, कुणाच्या सर्व्हरवर अवलंबून नाही.

एक मर्यादा आहे, हे सगळं फक्त इन्फ्रारेडचं. रोकू एक्सप्रेसला इन्फ्रारेड चालतं, फक्त डबा टीव्हीच्या मागे लपवायचा नाही. ॲमेझॉनच्या फायर स्टिकला थेट असं चालवता येत नाही, तिचा रिमोट ब्लूटूथवाला. जुना रिमोट सेकंडहँड घेणार असाल तर विकणाऱ्याकडून सेलच्या खणाचा फोटो मागा, पिना नसून नुसती भोकं असतील तर सोल्डरिंग गन काढावी लागेल, आणि ते मॉडेल आरएमआयआरच्या यादीत आहे का ते पैसे द्यायच्या आधी बघा.