लहान आर्ट क्विल्ट भिंतीवर लावण्याची तयारी: माझा अनुभव

प्रदर्शनाच्या पत्रकात एक अट ठळक छापली होती: कलाकृती लगेच टांगता येईल अशी तयार करून द्यावी. मोठ्या क्विल्टचं, म्हणजे दोन कापडांमध्ये भरण घालून गोधडीसारख्या शिवलेल्या तुकड्याचं, हे काम सोपं. मागे वरच्या कडेला चार इंच रुंदीची कापडी नळी शिवली, तिच्यातून दांडी घातली की झालं. बाकी क्विल्टचं वजन सांभाळून घेतं. माझे तुकडे आठ-दहा इंचांचे. त्यांना वजनच नाही, त्यामुळे खालचे कोपरे वळतात आणि भल्यामोठ्या भिंतीवर ते वाळत घातलेल्या रुमालासारखे दिसतात.

सुरुवातीलाच ठरवलं, गोंद वापरायचा नाही. कालांतराने तो पिवळा पडतो, कडक होतो, कधी कापडातून वर झिरपतो. शिवाय उद्या कुणाला तुकडा काढून वेगळ्या चौकटीत बसवायचा असेल, तर टाके उसवता येतात. गोंद निघत नाही.

आधी प्रत्येक तुकडा किंचित ओलसर केला (रंग सुटत नाही ना, हे कडेला तपासून), फोमबोर्डवर (फोमच्या ताठ फळीवर) टाचण्यांनी ताणला, कोपरे गुण्याने काटकोनात आणले आणि पूर्ण वाळू दिला. ही पायरी कंटाळवाणी आहे, पण क्विल्ट वाकडा असेल तर सरळ चौकट तो वाकडेपणा आणखीच उठून दाखवते.

बहुतेक तुकड्यांसाठी लाकडी पट्ट्यांच्या चौकटीवर तयार ताणलेले कॅनव्हास घेतले, दीड इंच जाडीचे. आठ इंची क्विल्टला बारा इंची कॅनव्हास, म्हणजे चारही बाजूंना दोन इंच मोकळी जागा. लहान कामाला ही जागा हवीच, नाहीतर भिंत त्याला गिळून टाकते. लाकडातली आम्लं कापडात उतरू नयेत म्हणून आधी धुतलेल्या मांजरपाटाचा थर दिला, त्यावर वरचं कापड. सगळ्यात जास्त वेळ गेला तो या कापडाचा रंग निवडण्यात. क्विल्टमधला सर्वांत उठावदार रंग घेतला की पार्श्वभूमीच पुढे येते. मला त्यातलाच एखादा मधला, दबलेला रंग बरा वाटतो. कापड ताणताना स्टेपल बाजूंच्या मध्यापासून, समोरासमोर मारत कोपऱ्यांकडे गेले. एका टोकापासून सुरुवात केली तर वीण तिरकी होते.

मग वाकडी सुई. टाका क्विल्टच्या मागच्या कापडातून आणि भरणातून घ्यायचा, दर्शनी कापडाला लागू द्यायचा नाही. दोन इंच समास सोडल्याने क्विल्टची कड कॅनव्हासमागच्या लाकडी पट्टीवर न येता तिच्या आतल्या बाजूला येते आणि सुई कुठे अडत नाही. मध्यभागीही दोन-चार छुपे टाके घातले, म्हणजे पोट सुटत नाही.

सुट्या दोऱ्यांचा आणि मण्यांचा एक नाजूक तुकडा होता, तेवढाच काचेच्या खोल पेटीत घातला. काच कापडाला चिकटता कामा नये. आत दमटपणा धरला की बुरशी येते आणि टाक्यांचा उठावही दबतो. फ्रेमवाल्याकडून काच आणि कापडाच्या मध्ये पट्ट्या बसवून घेतल्या आणि अतिनील किरण अडवणारी काच मागितली. बाकीच्यांना मी काच लावली नाही. क्विल्टचा पोत काचेआडून बघण्यात काय मजा?

मागच्या बाजूला कड्या वरून एक तृतीयांश अंतरावर लावल्या. खाली लावल्या असत्या तर वरचा भाग भिंतीपासून पुढे झुकला असता. तार जरा सैल ठेवली आणि खालच्या कोपऱ्यांना फेल्टच्या टिकल्या चिकटवल्या.

मांडणीच्या वेळी आयोजकांकडे दोनच आग्रह धरले. एक, थेट झोत नको. संग्रहालयं कापडासाठी साधारण ५० लक्स (लक्स हे प्रकाश मोजण्याचं एकक) एवढाच मंद प्रकाश ठेवतात. दुसरा, तुकड्यांच्या वरच्या कडा नव्हे तर मध्यबिंदू एका रेषेत घ्या, जमिनीपासून सुमारे १४५ ते १५० सेंटिमीटरवर. प्रत्येकाच्या मागे नाव, वर्ष, माप आणि साहित्य लिहिलेली कापडी चिठ्ठी शिवली होतीच. अमूर्त तुकड्यांवर वरची बाजू दाखवणारा बाणही काढला, कारण टांगणारा माणूस घाईत असतो.