पहिल्याच उड्डाणात माणसं का बसवली?

शाळांमधून कोलंबियाबद्दल, म्हणजे अंतराळात जाऊन आलेल्या अमेरिकेच्या पहिल्या स्पेस शटल यानाबद्दल, बोलायला जातो, तेव्हा एक प्रश्न हमखास येतो. "काका, आधी रिकामं पाठवून बघायचं ना! पहिल्याच खेपेला माणसं कशाला बसवली?" मुलं विचारतात, मागे उभे असलेले पालकही विचारतात. तुम्हीही तेच विचारलंत म्हणून आज सविस्तर लिहितो, कारण पस्तीस मिनिटांच्या तासात हे सांगून होत नाही.

12 एप्रिल 1981 ची सकाळ, फ्लोरिडातलं केनेडी अंतराळ केंद्र. खरं तर उड्डाण 10 तारखेला होतं, पण यानातल्या मुख्य संगणकांचा आणि राखीव संगणकाचा ताळमेळ बसेना, म्हणून ते दोन दिवस पुढे गेलं. आत दोघं होते. जॉन यंग, वय 50, चंद्रावर चालून आलेले. रॉबर्ट क्रिपेन, वय 43, अंतराळात पहिल्यांदाच निघालेले. मर्क्युरी, जेमिनी, अपोलो ही सगळी अमेरिकन यानं आधी माणसांशिवाय उडवून बघितली होती. कोलंबियाला तो नियम लावला नाही.

कारण उतरण्यात होतं. परतीच्या वाटेवर या यानाला इंजिनाचा आधार नव्हता. नव्वद टनांच्या आसपासचं धूड तरंगत खाली आणायचं, धावपट्टी चुकली तर पुन्हा वर घ्यायची सोय नाही, आणि चाकं खाली सोडायची तीही आतल्या माणसानेच. हे सगळं आपोआप करणारी यंत्रणा उभी करायची तर आणखी पैसा आणि आणखी वेळ, आणि यानाला आधीच काही वर्षं उशीर झाला होता. 1977 साली एंटरप्राइझ नावाचं त्याचं भावंड बोइंग 747 च्या पाठीवरून सोडून वैमानिकांनी नीट उतरवलंही होतं. म्हणजे शेवटची काही मिनिटं तपासलेली होती. वर जाणं आणि वातावरणात परत शिरणं मात्र कोऱ्या पाटीवर.

माझा जीव अडकतो तो टाइल्समध्ये, म्हणजे यानाला उष्णतेपासून वाचवणाऱ्या अस्तरात. माझी नोकरी भट्ट्यांच्या अस्तराची. कोलंबियाच्या अंगावर तीस हजारांहून जास्त टाइल्स होत्या, वाळूतल्याच सिलिकाच्या धाग्यांच्या, आत बहुतेक हवाच, प्रत्येकीचा आकार वेगळा आणि प्रत्येकीला स्वतःचा क्रमांक. वर्गात मी आमच्याकडच्या सिरॅमिक फायबरचा एक तुकडा नेतो. एका बाजूला ब्लो टॉर्च धरतो, ती बाजू लालभडक होते, आणि दुसऱ्या बाजूवर माझा तळहात असतो. वातावरणात परत शिरताना यानाच्या पोटाला 1200 अंश सेल्सिअसच्या आसपास ताप सोसायचा होता, तो असा. भट्टीत एक वीट निसटली की बाहेरच्या पत्र्यावर लाल डाग उमटतो. आम्ही भट्टी बंद करतो, थंड होऊ देतो, दुरुस्त करतो. त्या दोघांना थांबायची सोय नव्हती.

कक्षेत पोचल्यावर त्यांनी मालकप्प्याची दारं उघडली आणि शेपटीजवळच्या फुगवट्यांवर टाइल्स गळाल्याच्या जागा कॅमेऱ्यात दिसल्या. पोटाखालच्या टाइल्स त्यांना दिसणं शक्यच नव्हतं. आणखी एक गोष्ट तर उतरल्यावरच कळली. उड्डाणाला जोर देणारी दोन्ही बूस्टर रॉकेटं पेटली तेव्हा उसळलेल्या दाबाच्या लाटेने, परतताना यानाचा तोल सांभाळणारी इंजिनांखालची मोठी हलती फळी तिच्या मर्यादेपलीकडे वाकवली होती. हे तेव्हा कळलं असतं तर आपण सुरक्षित उंची गाठून यान सोडून दिलं असतं, असं यंग यांनी पुढे सांगितलं. दुसऱ्या उड्डाणाआधी उड्डाणतळावर त्या लाटेला मारायला पाण्याची व्यवस्था वाढवली.

म्हणून माझं उत्तर असं: कारणं खरी होती, निर्णय चुकला होता. सोव्हिएत संघाचं असंच बुरान नावाचं यान 15 नोव्हेंबर 1988 ला रिकामं गेलं, पृथ्वीला दोन फेऱ्या मारल्या आणि स्वतःच धावपट्टीवर उतरलं. करता येत होतं. कोलंबिया सुखरूप आलं आणि टाइल्सना इजा होणं ही हळूहळू नेहमीची गोष्ट ठरत गेली. 2003 मध्ये याच कोलंबियाच्या डाव्या पंखावर उड्डाणावेळी बाहेरच्या इंधन टाकीवरच्या फोमचा तुकडा आदळला. कक्षेत असतानाच पंखाचे फोटो काढवून घ्या, असं अभियंते म्हणत होते, ते वरिष्ठांनी ऐकलं नाही. 1 फेब्रुवारीला परतताना यान फुटलं आणि कल्पना चावलासह सातजण गेले. हे सांगताना अजून माझा आवाज बसतो.

मुलांना मी शेवटी 14 एप्रिल 1981 चं चित्रण दाखवतो. कॅलिफोर्नियातल्या एडवर्ड्स तळावर, सुकलेल्या तळ्याच्या पात्रात यान थांबलंय. सोळा टाइल्स गळाल्यात, 148 दुखावल्यात. यंग जिना उतरतात आणि तडक यानाच्या पोटाखाली जातात. मान वर करून टाइल्स बघत, हात हवेत उडवत, या चाकापासून त्या चाकापर्यंत फिरत राहतात. दोन दिवस जे बघता आलं नव्हतं, ते आता डोक्यावर हातभर अंतरावर आहे.