आईच्या गुडघ्यांना झेपलेली नदीकाठची वाट: स्टॉक्टन ते बुल्स आयलंड

भारतातून आई-बाबा आले की आपण त्यांना हौसेने धबधबे दाखवायला नेतो आणि पायऱ्यांचा विचार तिथे पोहोचल्यावर करतो. गेल्या वेळी माझ्या हातून हेच झालं. आई अर्ध्या वाटेत दगडावर बसून राहिली आणि "तुम्ही जाऊन या" म्हणाली. ते मनाला फार लागलं. म्हणून या मे महिन्यात मी आधी चढ नसलेली वाट शोधली. न्यू जर्सीच्या डेलावेअर अँड रॅरिटन कॅनॉल स्टेट पार्कमधला स्टॉक्टन ते बुल्स आयलंड हा तुकडा. अंतर सुमारे ३ मैल, म्हणजे पाचेक किलोमीटर. एडिसनहून गाडीने तासाभराचा रस्ता.

ही वाट सपाट का, याचं उत्तर पायाखालीच आहे. इथून पूर्वी बेल्व्हिडेर-डेलावेअर रेल्वे जायची. रेल्वेला चढ सोसत नाही, त्यामुळे मार्ग मुळातच समतल आखलेला. रूळ गेले, वाट राहिली. वर बारीक खडी दाबून बसवलेली आहे, त्यामुळे साधे चालायचे बूट पुरतात.

सोबतीला कालवा आहे. १८३० ते १८३४ या काळात तो खणला गेला, तोही मुख्यतः आयरिश मजुरांनी, कुदळ-फावड्यांनी. १८३२च्या पटकीच्या साथीत त्यातले कितीतरी दगावले. मुख्य कालवा बोर्डनटाउन ते न्यू ब्रन्सविक असा ४४ मैलांचा. त्यातून पेनसिल्व्हेनियाचा कोळसा न्यूयॉर्ककडे जाई आणि नावा काठावरून खेचर ओढत. आपण ज्याच्या काठाने चालतो तो २२ मैलांचा पोटकालवा. डेलावेअर नदीचं पाणी मुख्य कालव्याला पुरवण्यासाठी तो काढला. १९३२च्या हंगामानंतर नावा थांबल्या, पाणी मात्र वाहतंच आहे. आता ते मध्य न्यू जर्सीत पिण्यासाठी जातं आणि एडिसनलाही ते शुद्ध करून नळाला सोडतात. बाबांना हे सांगितल्यावर ते कालव्याशी बराच वेळ थांबले.

आईचं माहेर वाळवा तालुक्यात. बुल्स आयलंडपाशी नदीत आडवा बंधारा दिसला, तशी ती म्हणाली, "अगं, हे तर आपल्या खोडशीसारखं! पाणी तटवायचं आणि पाटात घालायचं." अगदी बरोबर. कऱ्हाडजवळ खोडशीला कृष्णेवरच्या बंधाऱ्यातून कृष्णा कालवा निघतो, तसंच इथे आहे. फरक एवढाच, की हा बंधारा दोन्ही काठांकडून येतो आणि मध्ये नदीला वाट मोकळी ठेवतो. त्या फटीत पाण्याला जबरदस्त ओढ असते, त्यामुळे तिथे पाण्यात उतरू नका. कालव्यातही पोहायला मनाई आहे.

आम्ही स्टॉक्टनच्या प्रॉल्सव्हिल मिल्सपाशी गाडीतून उतरून निघालो. जुन्या गिरणीचा हा दगडी परिसर पाहण्यासारखा आहे. पुढे मात्र नदी सतत दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका. ती झाडीतून मधूनमधून दिसते, आणि २९ नंबरचा रस्ता जवळ असल्याने काही ठिकाणी गाड्यांचा आवाजही येतो. सिकामोरचे पांढरेफेक बुंधे पाहून बाबांना सह्याद्रीतला कांडोळ आठवला. वसंतात या नदीत समुद्रातून शॅड मासे चढतात. आपल्याकडच्या पाल्याचे, म्हणजे हिलशाचे, हे भाऊबंदच. एप्रिल-मेमध्ये गेलात तर गळ टाकून उभी असलेली माणसं दिसतील.

सगळ्यात कामाची युक्ती: ज्येष्ठांना जाऊन-येऊन चालवू नका. नवऱ्याने आम्हाला सोडलं आणि गाडी पुढे बुल्स आयलंडला नेऊन ठेवली. त्यामुळे आईला फक्त ३ मैल चालावं लागलं, तेही अडीच तासांत, थांबत थांबत. वाटेत आम्हाला बाक फारसे दिसले नाहीत. घडीची हलकी खुर्ची नेली होती, तिचा फार उपयोग झाला. स्वच्छतागृह बुल्स आयलंडला आहे. खाणं आणि पाणी घरूनच न्या, कचरा परत आणा. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती. प्रवेशशुल्क नाही. शनिवार-रविवारी सायकलवाले बरेच असतात. मागून "ऑन युवर लेफ्ट" ऐकू आलं की उजवीकडे व्हायचं, हे आई-बाबांना निघण्यापूर्वीच सांगून ठेवा. नाहीतर ती दचकून नेमकी डावीकडे वळतात.

गवतात शिरू नका. गोचिडी आहेत आणि इथल्या गोचिडीपासून लाइम रोग होतो. फुल पँट, मोज्यात खोचलेली, आणि घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, केसांत नीट तपासणी. आजींच्या केसांतही बघा, त्या "काही नाही गं" म्हणतील तरी. दुसरी पॉयझन आयव्ही, अंगाला लागली की खाज आणि पुरळ आणणारी वनस्पती. तिच्या देठाला तीन पानं असतात. पळसाला पाने तीनच, हे आईला सांगितल्यावर तिने वाटेत दोन ठिकाणी ती स्वतः ओळखली. लागलीच तर लगेच साबणाने धुवा.

शेवटी पूल चुकवू नका. बुल्स आयलंडवरून पलीकडे पेनसिल्व्हेनियातल्या लंबरव्हिलला जाणारा झुलता पूल फक्त पायी जाणाऱ्यांसाठी आहे, सुमारे ७०० फूट लांब. १९४७ साली रोबलिंग कंपनीने तो जुन्या पुलाच्या दगडी खांबांवर उभारला. ब्रुकलिन ब्रिज बांधणारं रोबलिंग घराणं ते हेच. पाय दणकट असतील तर इथून पलीकडच्या डेलावेअर कॅनॉल स्टेट पार्कच्या काठाने दक्षिणेला सेंटर ब्रिजपर्यंत चालत जाऊन, तो पूल ओलांडून पुन्हा स्टॉक्टनला येता येतं. दोन कालवे, दोन राज्यं, सुमारे ७ मैलांचा फेरा. आम्ही पुलाच्या मध्यापर्यंतच गेलो. आई कठड्याला धरून उभी राहिली, खाली बराच वेळ बघितलं आणि मग विचारलं, "पलीकडची बाजू उद्या करायची का?"