तुम्ही विचारलंत म्हणून: ऑटिझमबद्दल कुणाला सांगायचं, कसं सांगायचं?

मुलाचं निदान नुकतंच झालेले आईबाबा भेटले की हा प्रश्न येतोच. "लोकांना ऑटिझम कळावा म्हणून आपण पालकांनी काय करायचं? 2 एप्रिलला रॅली काढायची का?"

काढा की! संयुक्त राष्ट्रांनी 2007 साली ठराव करून तो दिवस ऑटिझमच्या जागृतीसाठी ठरवला, 2008पासून तो पाळतात. निळे टी-शर्ट, फलक, आपल्या बेळगावच्या चन्नम्मा सर्कलला फोटो, सगळं होऊ दे. पण रॅली बघणारा तुमच्या मुलाला ओळखत नसतो. म्हणून मी म्हणते, रोज भेटणाऱ्यांपासून सुरू करा: किराणावाले, रिक्षावाले मामा, लाल बसचा कंडक्टर, गल्लीच्या गणेश मंडळाची पोरं.

त्यांना व्याख्या नको, आपल्या पोराचं सांगायचं. आमच्या दुकानदार अण्णांना मी एवढंच सांगितलं, "हा बोलत नाही. दोन वस्तू समोर ठेवा आणि थांबा. 'बोल की रे' म्हणू नका, उत्तरासाठी माझ्याकडेही बघू नका." आता अण्णा बिस्किटांचे दोन पुडे काउंटरवर ठेवतात आणि दुसऱ्याची तूरडाळ जोखत राहतात. आमचा मुलगा हात झटकतो, एक गिरकी घेतो, मग एका पुड्यावर हात ठेवतो. मागून कुणी घाई केली की अण्णाच म्हणतात, "स्वल्प तडीरी." थांबा जरा. माझ्यापेक्षा त्यांचं लोक चटकन ऐकतात!

बसमध्ये बोलायला सवड नसते. तिथं खिशातलं कार्ड बरं, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. सीमाप्रश्न सुटेल तेव्हा सुटेल, कंडक्टरला वाचता येईल ती भाषा हवी. मजकूर दोन ओळींचा: याला ऑटिझम आहे, गोंगाट झाला की कान झाकतो, ओरडू नका. ते लाडावलेलं पोर नाही, हे एवढ्यानं कळतं.

भाषेवरूनच इथं एक सल्ला फुकट मिळतो. घरात मराठी, गल्लीत कन्नड, शाळेत इंग्रजी, म्हणून पोरगं गोंधळलंय. एकच भाषा ठेवा, बोलायला लागेल. याचा प्रतिवाद पालकांनी जिथं तिथं करायला हवा. दोन-तीन भाषा कानावर पडल्यानं ऑटिझम होत नाही. लसीनंही नाही, तसा दावा करणारा 1998चा लेख तो छापणाऱ्या नियतकालिकानंच 2010 साली मागे घेतला. "याचा बापपण उशिराच बोलला होता" हे तर प्रत्येक आजीच्या तोंडी असतं, आणि त्यात वर्ष-दोन वर्षं सहज जातात.

म्हणून अंगणवाडीच्या बाईंशी आणि आशाताईंशी मुद्दाम बोला. त्या घरोघरी जातात, कन्नड-मराठी दोन्ही बोलतात. त्यांना लक्षणं नेमकी सांगा: हाक मारली तरी वळून बघत नाही, दीड वर्षाचं झालं तरी हवं ते बोट करून दाखवत नाही, येत असलेले शब्द बोलायचं बंद झालं. असं दिसलं तर वाट न बघता बालरोगतज्ज्ञ. कुणी यल्लम्माला नवस बोलत असेल तर वाद घालू नका, नवसही करा, दवाखान्यातही जा म्हणावं.

शाळेत मात्र गोड बोलण्यावर सगळं सोडू नका. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यात ऑटिझम आहे, आणि सरकारमान्य शाळेनं भेदभाव न करता प्रवेश द्यायचा असतो. मुख्याध्यापकांना भेटायला जाताना कायद्याचा तो कागद बरोबर असू द्या.

एक गोष्ट मला अजिबात पटत नाही. मूल जमिनीवर लोळून रडतंय आणि त्याचा व्हिडिओ 'जनजागृती' म्हणून कॉलनीच्या ग्रुपवर. हळहळ भरपूर मिळते, पण दुसऱ्या दिवशी तीच माणसं त्याला खाली खेळताना बघणार असतात. त्यापेक्षा रडणं थांबायला काय उपयोगी पडलं, ते चार ओळींत लिहा. शेजाऱ्यांना तेच हवं असतं.